मान हिरवी, कास लाल

शैलजाच्या मोबाइलवर सगळा जिल्हा हिरवागार होता, आणि कमानीच्या कट्ट्यामागे तीन मांजरं मरून पडली होती.

"कुणीतरी उंदराचं औषध टाकलं असणार," आप्पा म्हणाले. "लोकांस्नी दुसरं काम न्हाई. गरीब जनावरं, रोज पहिल्या धारंला येऊन बसायची बघ."

आप्पा म्हणजे बाळाप्पा गवळी, शैलजाचे वडील. वय अडुसष्ट. रंकाळ्याच्या मागच्या अंगाला असलेल्या या दूधकट्ट्यावर त्यांच्या घराची ही चौथी पिढी. कोल्हापुरात आता रिक्षा बिनचालकाच्या झाल्या होत्या, दवाखान्यात तपासायला माणूस उरला नव्हता, पण कट्टा होता तसाच होता. म्हैस गिऱ्हाइकासमोर उभी करायची, धार काढायची आणि फेसाळलेलं, कोमट, निरसं दूध तिथल्या तिथं पेल्यात ओतून हातात द्यायचं. तापवलेलं दूध आजाऱ्यानं प्यावं, असं इथल्या लोकांचं ठाम मत. प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन धारा तेवढ्या चरवीत घ्यायच्या नाहीत, जमिनीवर सोडायच्या. त्यावर मांजरांचा हक्क.

शैलजानं वाकून एका मांजराकडे पाहिलं. मग वर आप्पांकडे पाहिलं. त्यांचा डावा डोळा लालभडक झाला होता.

"डोळ्याला काय झालं?"

"आलाय. दोन दिस झालं. रविवारी धार काढताना मैनेनं शेपटी मारली, दूध उडालं डोळ्यात. व्हईल बरा."

तेवढ्यात गिरिजा तालमीतून आलेली दिसली. शैलजाच्या भावाची मुलगी, एकोणीस वर्षांची. भाऊ पुण्यात नोकरीला आणि पोरगी कुस्तीसाठी आजोबांकडे, अशी वाटणी झाली होती. तीन आठवड्यांच्या शिबिरातून ती कालच रात्री परतली होती. रविवारी तिची निवड चाचणीची कुस्ती होती.

"आत्या! एवढ्या सकाळी तू?" असं म्हणत तिनं ओठांवरची पांढरी मिशी मनगटानं पुसली. "आज लई दिवसांनी मैनेचं दूध. सहालाच एक लिटर मारलं. शिबिरातलं ते पिशवीतलं पाणी पिऊन कटाळा आलता."

बुधवार, सकाळचे सहा. शैलजानं ही वेळ मनात नोंदवून ठेवली, का ते कळायच्या आधीच. मग तिनं पर्समधली काचेची कुपी काढली आणि मैनेचं अर्धा कप दूध मागून घेतलं.

"प्रयोगशाळेत न्हेणार? न्हे की. सोन्यासारखं दूध हाय," आप्पा म्हणाले.

शैलजा प्राण्यांच्या विषाणूंवर काम करणाऱ्या एका सरकारी केंद्रात शास्त्रज्ञ होती, आणि जिल्हा हिरवा आहे की लाल हे सांगणारं यंत्र तिच्याच चमूनं उभं केलं होतं. यंत्र कसलं, खसखशीच्या दाण्याएवढा एक कण. कागदोपत्री त्याचं नाव ऊतीमापी. गवळ्यांनी त्याला पहिल्या दिवसापासून खसखसच म्हटलं आणि पुढे सरकारी पत्रांतही तेच नाव रुळलं. हा कण जनावराच्या मांसात सुईनं बसवायचा. तो आजूबाजूच्या पेशींमधले विषाणू दर तासाला मोजतो आणि आकडा मोबाइलवर पाठवतो. पाच वर्षांपूर्वी जिल्ह्यातल्या प्रत्येक म्हशीच्या मानेत एकेक खसखस बसली. गेल्या वर्षी उत्तरेतल्या काही जिल्ह्यांत बगळताप आला. म्हशीच्या पाठीवर बसणाऱ्या बगळ्यांकडून तो म्हशींत शिरला आणि म्हशींकडून माणसांत. दहांतली तीन माणसं दगावली. तो विषाणू म्हशीच्या फुप्फुसात वाढायचा, तिथून मानेच्या गाठींत उतरायचा, आणि मानेतली खसखस दुसऱ्या दिवशीच लाल व्हायची. त्यामुळं पुढचे कितीतरी जीव वाचले. शैलजाचा सत्कार झाला. आप्पांनी कट्ट्यावर पेढे वाटले.

दुपारी बाराला प्रयोगशाळेतल्या मोजणी यंत्रानं मैनेच्या दुधाचा आकडा दिला. एका थेंबात नऊ कोटी विषाणू. शैलजानं कुपी बदलली, पुन्हा मोजलं. नऊ कोटी. तिसऱ्यांदा मोजलं, कारण माणूस मूर्ख असतो आणि त्याला वाटतं की तिसऱ्यांदा देव आपलं ऐकेल. नऊ कोटी दहा लाख.

मैनेच्या मानेतला आकडा होता शून्य.

हे कसं, ते तिला शाळकरी पोरालाही सांगता आलं असतं. विषाणू स्वतः वाढू शकत नाही. त्याला दुसऱ्याच्या पेशीत घुसावं लागतं, आणि पेशीला दार असतं. ज्या अवयवाच्या पेशींना त्याच्या किल्लीचं कुलूप, तिथंच तो शिरतो. एकदा शिरला की पहिले सहा-आठ तास सगळं सामसूम. त्या वेळात कुठल्याही यंत्राला काही दिसत नाही, कारण विषाणूनं स्वतःला उलगडून पेशीच्याच कारखान्यावर आपल्या नकला काढायला लावलेल्या असतात. मग पेशी फुटते आणि एकाचे हजार बाहेर येतात. हजार जण हजार दारं ठोठावतात. आणखी आठ तासांनी ते दहा लाख होतात. नंतर हा वेग मंदावतो, कारण रिकाम्या पेशी संपत येतात आणि शरीराचं सैन्य जागं होतं. पण तोवर व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. या वर्षी बगळतापानं किल्ली बदलली होती. फुप्फुस सोडून तो थेट कासेत घुसला होता. म्हैस खोकत नव्हती, तिला ताप नव्हता, ती वैरण खात होती आणि रोज आठ लिटर विष देत होती.

वाढीचा हा आलेख उलटा वाचता येतो. आज नऊ कोटी, म्हणजे सुरुवात शुक्रवारी संध्याकाळी, मैना बगळ्यांसोबत तळ्यात डुंबत असताना. दूध माणसाला बाधेल इतकं खराब झालं ते रविवारी सकाळपासून. माणसात हीच वाढ जरा सावकाश होते. या तापावर गोळी होती, चांगली होती, पण ती विषाणूला नकला काढू देत नाही एवढंच तिचं काम. नकला काढून झाल्यावर तिचा उपयोग शून्य. पहिल्या चाळीस तासांत घेतली तर घेतली.

गिरिजा सहाला दूध प्यायली होती. तिचे चाळीस तास गुरुवारी रात्री दहाला संपणार होते.

आणि ती गोळी शीतगृहात कुलूपबंद होती. जिल्हा लाल झाल्याशिवाय ते कुलूप कुणाच्याच सहीनं उघडत नव्हतं. गेल्या वर्षी साठेबाजी झाली म्हणून तसा नियम केला होता, आणि नियम करणाऱ्या बैठकीला शैलजाही हजर होती.

केंद्राचे संचालक डॉ. कारखानीस हा अत्यंत सभ्य माणूस. त्यांनी तिला बसवलं, पाणी दिलं, आकडे दोनदा पाहिले.

"गंभीर आहे," ते म्हणाले. "पण जिल्हा लाल कसा करू?"

"दुधात नऊ कोटी आहेत, सर."

"दूध हा पदार्थ आहे. ऊती नाही. यंत्रणा नोंदणीकृत ऊतीचंच वाचन घेते. दूध बाहेरून दूषित होऊ शकतं, चरवीतून, हातातून..."

"एका थेंबात नऊ कोटी हातातून येत नाहीत! सर, तीन मांजरं मेली. वडिलांचा डोळा लाल आहे."

"माझा तुमच्यावर विश्वास आहे हो. यंत्रणेचा माझ्यावर नाही." त्यांनी पडदा तिच्याकडे फिरवला. "शिवाय हे बघा. 'मानेतील वाचन सर्व ऊतींसाठी पुरेसे मानावे.' कुणी लिहिलंय?"

खाली तिचीच सही होती. पाच वर्षांपूर्वी समितीत प्रश्न निघाला होता, खसखस नुसती मानेत बसवायची की कासेतही? सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळल्या. मॅडम, तुमचे लोक तयार होतील का? आणि तिनं ठणकावून सांगितलं होतं, नाही होणार. आमच्यात कासेला लोखंड लावत नाहीत. गवळ्यांच्या भावना दुखावल्या तर मानेतलीही बसवू देणार नाहीत. पुढं तिनं तसा परिच्छेद लिहिला. समितीनं तिचं कौतुक केलं. आपल्यात गवळ्याची लेक आहे हे केवढं बरं, असं अध्यक्ष म्हणाले होते. आपलेच दात आणि आपलेच ओठ. आता बोलणार कुणाला?

"कासेतल्या पेशींचं एक वाचन आणा," कारखानीस म्हणाले. "एकच. कासेची नोंद करून पाच मिनिटांत जिल्हा लाल करतो. मालकाची संमती मात्र घ्या."

मालकाची संमती! शैलजाला खुर्ची उचलून आपटावीशी वाटली. तिनं ती नीट आत सरकवली आणि बाहेर पडली.

संध्याकाळी ती कट्ट्यावर पोचली तेव्हा गर्दी दाटली होती. पोरंटोरं, पैलवान, दुकान बंद करून आलेले शेठ, नातवाला घेऊन आलेल्या बायका. मैना मध्यभागी उभी, शिंगांना तेल लावून चमकवलेली. आप्पांची धार चरवीत वाजत होती.

"आप्पा, कट्टा बंद करा."

"का?"

"दुधात बगळताप आहे. मी मोजलंय. एक पेलाही देऊ नका कुणाला."

धार थांबली. आप्पांनी धोतराला हात पुसले, कमरेचा मोबाइल काढला आणि तिच्यासमोर धरला. "हे काय हाय? तुझं खसखस. हिरवं हाय का न्हाई?"

"हिरवं आहे, पण ते मानेतलं आहे..."

"हिरवं हाय का न्हाई, एवढंच सांग."

"आहे."

"मग?" ते गर्दीकडे वळले. "पाच वर्सांमागं ही सुई आली तवा हितला एक गवळी जनावराला हात लावू देत नव्हता. म्या सांगितलं, माझ्या लेकीनं केलंय, खोटं न्हाई निघायचं. सगळ्यांनी माझ्या शब्दावर सुया टोचून घेतल्या. आता लेकच म्हणती हिरवं खोटं हाय. मग मी लोकांस्नी काय तोंड दावू?"

"सायबीण, तुमी ठरवा तरी आधी," मागून कुणीतरी म्हणालं आणि कट्टा हसला. तिच्यादेखत सात-आठ पेले भरले गेले आणि रिकामे झाले. एका बाईच्या हातून तिनं पेला ओढून घेतला, तर त्या बाईनं तिला असे शब्द ऐकवले की आप्पांनाच मध्ये पडावं लागलं. पालथ्या घड्यावर पाणी. शैलजाला रडू येत होतं ते दुःखानं नव्हे, निव्वळ संतापानं.

गिरिजानं मात्र पेला भरूनही ओठाला लावला नव्हता. ती आत्याला बाजूला घेऊन गेली.

"मी सकाळी प्यालेय की गं. मला काय होणार?"

"काही नाही होणार. उद्या रात्री दहाच्या आत गोळी मिळाली तर."

"आणि न्हाई मिळाली तर?"

शैलजानं तिच्या हातातल्या पेल्याकडे पाहिलं. पोरगी पैलवान असली तरी खुळी नव्हती. तिनं पेला गटारात ओतला आणि रविवारबद्दल एक शब्दही विचारला नाही, याचंच शैलजाला जास्त वाईट वाटलं.

गुरुवारची सकाळ मदतवाहिनीशी बोलण्यात गेली. मदतवाहिनीवर बोलणारी बाई अर्थातच बाई नव्हती, आवाज होता, आणि आवाज मधाळ होता.

"आपल्या जिल्ह्याचा रंग हिरवा आहे. औषधाच्या मागणीसाठी प्रथम रंग बदलावा."

"रंग बदलायला काय करू?"

"नोंदणीकृत ऊतीचं लाल वाचन सादर करावं."

"नोंद फक्त मानेची आहे! विषाणू कासेत आहे!"

"कासेची नोंद नसल्यास कासेत विषाणू असल्याची शक्यता यंत्रणेला दिसत नाही. आणखी काही मदत हवी आहे का?"

शैलजानं मोबाइल सोफ्यावर भिरकावला. मग उठून तो परत घेतला, कारण दुसरा नव्हता. तिनं आणखी चार ठिकाणी फोन केले. एकानं सोमवारी बैठक लावतो म्हणून सांगितलं. एकानं तिच्या वडिलांच्या प्रकृतीची अगदी आपुलकीनं चौकशी केली. प्रत्येक जण तिच्याशी चांगलं बोलत होता आणि कुणी काही करत नव्हतं. दुपारचे तीन वाजले. गिरिजाचे तेहेतीस तास झाले होते.

मग तिनं ठरवलं की चोरी करायची.

साडेतीनला आप्पा गोठ्याबाहेरच्या बाजेवर पडलेले असत. शैलजा मागच्या दारानं आत गेली. हातात खसखस भरलेली सुई होती. मैना दावणीला बांधलेली, रवंथ करत होती. शैलजा तिच्याशेजारी उकिडवी बसली, कासेवर हात ठेवला, आणि पुढच्या क्षणी ती भिंतीपाशी शेणात बसलेली होती. मैनेनं लाथ मारली होती ती गुडघ्याला लागली. सुई वैरणीत जाऊन पडली. गवळ्याची लेक असून जनावराजवळ कुठल्या बाजूनं बसायचं एवढंही तिला आठवलं नव्हतं. आठवणार कुठून? सहावीत पहिला नंबर आला तेव्हापासून तिला गोठ्यात पाऊल टाकू दिलं नव्हतं. तू अभ्यास कर, शेणात येऊ नकोस, असं आप्पा म्हणायचे.

"कोण हाय रं तिकडं?" आप्पा दारात उभे होते. डावा डोळा आता पुरता मिटला होता आणि बोलताना ते खोकत होते. "शैला? शेणात बसून काय करालीस?"

खोटं बोलायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं. "मैनेच्या कासेत खसखस बसवत होते. त्याशिवाय जिल्हा लाल होत नाही. जिल्हा लाल झाल्याशिवाय गिरिजाला गोळी मिळत नाही."

"मग चोरून का?"

"तुम्ही नाही म्हणाला असता."

"म्हणालो आसतो," आप्पा म्हणाले. "इचारलीस कवा?"

शैलजानं हाताला लागलेलं शेण वैरणीला पुसलं.

"आपल्यात कासेला लोखंड लावत नाहीत," ती शेवटी म्हणाली. "आजी सांगायची. मी समितीत तेच सांगितलं."

"लोखंड न्हाईच लावत. बरोबर हाय." आप्पा आत गेले आणि गोठ्याच्या कोनाड्यातून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले. काडीएवढी, गुळगुळीत, एका टोकाला बोथट केलेली पितळी नळी. "पर सड तुंबला, कास सुजून दगडी झाली, म्हंजे काय करतो आम्ही? ही उकळत्या पाण्यात घालायची, तूप लावायचं आणि सडातनं सरळ वर सारायची. माझ्या आज्याची हाय. हितल्या परत्येक गोठ्यात हाय एकेक. तुझं खसखस जाईल का ह्यातनं?"

खसखस जाणार होती. आरामात जाणार होती. पाच वर्षांपूर्वीही गेली असती. सुई लागली नसती, लोखंड लागलं नसतं, एकाही गवळ्यानं हूं की चूं केलं नसतं. पाच वर्षं तिनं देशभरच्या परिषदांत हे सांगितलं होतं, की लोकांच्या श्रद्धांचा मान राखून विज्ञान कसं न्यावं. लोकांना विचारावं, एवढं मात्र राहून गेलं होतं.

"मग काल कट्ट्यावर तरी सांगायचं, आप्पा!" ती ओरडलीच. सगळा राग आता त्यांच्यावर निघत होता आणि तो चुकीच्या माणसावर निघतोय हेही तिला कळत होतं. "कालचा दिवस वाया गेला आपला!"

"तू कट्टा बंद कर म्हणालीस. नळी घाल म्हणालीस का?" आप्पांनी मैनेच्या पाठीवर थाप मारली. "ऊठ. पाणी उकळत ठेव."

त्यांनी ते काम दोन मिनिटांत केलं. मैना हललीसुद्धा नाही. मग पहिल्या वाचनासाठी एक तास थांबायचं होतं. बापलेक गोठ्याच्या उंबऱ्यावर बसले.

पावणेपाचला मोबाइल थरथरला. ऊती, कास. विषाणू, मोजमापाच्या पलीकडे. कारखानीसांनी शब्द पाळला. पाच मिनिटांत नकाशावरचा जिल्हा लालेलाल झाला. कट्ट्यावर भोंगा वाजला, गवळ्यांना निरोप गेले, शीतगृहाचं कुलूप उघडलं. सहा चाळीसला बिनचालकाची गाडी गल्लीच्या तोंडाशी पांढरी खोकी टाकून गेली. सातला दहा मिनिटं कमी असताना गिरिजानं गोळी गिळली. सदतीस तास. तिचा आलेख आता वर जाणार नव्हता. शैलजानं तिला इतक्या जोरानं मिठी मारली की पैलवान पोरगी कळवळली.

मग आप्पांनी हात पुढे केला. "मला बी दे की एक."

शैलजानं गोळी दिली, पाणी दिलं. त्यांनी गोळी गिळली आणि तिच्याकडे एका डोळ्यानं बघत राहिले.

"माझं किती तास झालं?"

"रविवारी सकाळपासून..."

"किती?"

"एकशे नऊ."

आप्पांनी बोटांवर काहीतरी मोजलं. "म्हंजे माझ्यावर चालत न्हाई ही."

"दहांतली सात माणसं गोळीशिवाय बरी होतात, आप्पा."

"हां," ते म्हणाले आणि खोकले. खोकला लवकर थांबला नाही.

"पाच वर्षांपूर्वी विचारलं असतं तर," शैलजा म्हणाली. तिला गप्प राहायचं होतं, पण शब्द आपोआप बाहेर पडले. "तर शनिवारीच लाल झालं असतं. तुमच्या डोळ्यात दूध उडायच्या आधी."

आप्पांनी तिची समजूत काढली नाही. असू दे, होतंय, असलं काही म्हणाले नाहीत. "व्हय," एवढंच म्हणाले.

गल्लीभर म्हशी हंबरायला लागल्या होत्या. संध्याकाळच्या धारेची वेळ टळून गेली होती आणि दुधाला हात लावू नका असा हुकूम होता. संरक्षक पोशाख घातलेली पथकं उद्या सकाळी येणार होती. पण हुकूम कासेला कळत नाही. भरलेली कास तशीच ठेवली तर जनावर तडफडतं. शेजारचे गवळी दाराशी येऊन उभे होते आणि आत पाऊल टाकायला कुणी धजत नव्हतं.

आप्पा उठले. त्यांनी धोतराचा काचा मारला आणि कोपऱ्यातली मोठी बादली उचलली.

"कुणी हात लावू नका," ते दारातल्या लोकांना म्हणाले. "मला झालंयच. तवा मीच काढतो. तुमच्या बी हिकडं आणून बांधा, एकेक करून."

"आप्पा, तुम्ही थकलाय. किती म्हशी आहेत गल्लीत!" शैलजा पुढे झाली आणि तिनं बादलीची कडी धरली. "मी धरते. मास्क लावते, हातमोजे घालते, मला काही..."

"सोड."

"मला काहीतरी करू द्या!"

आप्पांनी तिच्या हातातून कडी सोडवून घेतली, मैनेच्या उजव्या अंगाला बसले आणि कपाळ तिच्या पोटाला टेकवलं. पहिली धार बादलीत वाजली.

"लांब हो, शैला," ते म्हणाले. "शिंतोडा उडंल."

ती दोन पावलं मागं सरली आणि तिथंच उभी राहिली.